हाकललेल्या कोचचा तलाव

व्हर्डेलबाई पिकेट सव्वीस वर्षांच्या होईपर्यंत गुडघ्याच्या वर पाण्यात उतरल्या नव्हत्या. यात त्यांचा काही दोष नव्हता. आमच्या ब्रॅनम गावाला पूर्वी नगरपालिकेचा चांगला तरणतलाव होता. निळ्या फरश्या, उडी मारायला फळी, सगळं काही होतं. मग कोर्टाने सांगितलं की काळ्या मुलांनाही तिथे पोहू द्या. त्यावर आमच्या नगरपालिकेने मातीचे ट्रक बोलावले आणि तलाव बुजवून टाकला. कुणीच पोहायचं नाही, म्हणजे झाली समानता. बाई तेव्हा पहिलीत होत्या. कुंपणाच्या बाहेर आईचा हात धरून त्यांनी ते ट्रक रिकामे होताना पाहिले. आता त्या जागेवर फुटबॉलच्या मॅचला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहतात, आणि एक गाडी लावायचे चाळीस डॉलर पडतात.

पुढे ब्रॅनम स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या आवारात छप्पर असलेला तलाव बांधला आणि बाई तिथे कपडे बदलायच्या खोल्या पुसायच्या कामावर लागल्या. दिवसभर पाण्याचा आवाज ऐकायचा आणि लादी पुसायची. एके दिवशी त्यांनी पोहण्याच्या टीममधल्या एका मुलीला विचारलं, मला शिकवशील का. मुलगी हसली नाही, तिने शिकवलं. त्यानंतर चार-पाच वर्षांत बाई स्वतः शिकवायला लागल्या आणि मग जवळजवळ चाळीस वर्षं शिकवत राहिल्या. सकाळी प्राध्यापकांची मुलं, दुपारी गावातली. गावातली म्हणजे कोंबडीच्या कारखान्यात राबणाऱ्यांची, ट्रक चालवणाऱ्यांची, काळी, गोरी, मेक्सिकन, जी येतील ती. आमच्या नदीत दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोर बुडतं. बाईंच्या हाताखालून गेलेलं एकही कधी बुडालं नाही.

त्यांची शिकवायची पद्धत साधी होती. पहिल्या दिवशी पोहणं नाहीच. काठावर पालथं पडायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि पाण्याला आपलं नाव सांगायचं. बुडबुडे येतात, मुलं खिदळतात, भीती थोडी उतरते. "नीट सांग, त्याला ऐकू आलं नाही," असं बाई म्हणायच्या, की पोर पुन्हा तोंड बुडवायचं.

मी लायल बर्डेशॉ. त्या तलावाचे पंप आणि गाळण्या माझ्याकडे होत्या. बाई वर शिकवायच्या, मी खाली तळघरात पाणी स्वच्छ ठेवायचो. माझे दोन्ही मुलगे त्यांनीच पाण्यात घातले.

आता फुटबॉलचं सांगतो. आमचा फुटबॉल म्हणजे अंगाला चिलखतं बांधायची आणि अंड्यासारख्या चेंडूसाठी एकमेकांवर आदळायचं. आमच्या टीमचं नाव बगळे. टोप्यांवर बगळा, गाड्यांवर बगळा, चर्चच्या पाटीवर येशूच्या शेजारी बगळा. वर्षातले सात शनिवार साठ हजार माणसं स्टेडियममध्ये बसून बगळ्यासारखे हात हलवतात, त्यात मोठमोठे सर्जन असतात, न्यायाधीश असतात. वर्गाच्या छतातून पाणी गळलं तर बादली ठेवतात, पण खेळाडूंच्या कपाटांना इटलीहून लाकूड येतं.

या बगळ्यांना उडवायला डेल हॅगवुड नावाचा कोच आणला. जाड मान, पांढरेशुभ्र दात, आणि प्रत्येक वाक्य भिंतीवर रंगवून घ्यावं अशा थाटात बोलायची सवय. पहिलं वर्ष बरं गेलं, दुसऱ्या वर्षी नऊ मॅच जिंकल्या. लगेच कुजबुज सुरू झाली की टेक्सासमधली एक मोठी युनिव्हर्सिटी हॅगवुडला पळवणार. ही कुजबुज कुणी सुरू केली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, कारण हॅगवुडचा एजंट तेव्हा आमच्याच गावातल्या हॉटेलात उतरला होता. पण आमच्या विश्वस्तांची गाळण उडाली. रविवारी चर्च सुटल्या सुटल्या तातडीची सभा झाली आणि हॅगवुडला दहा वर्षांचा नवा करार मिळाला. करारात एक कलम होतं. मुदतीच्या आत हाकललं, तर उरलेल्या वर्षांचा बहुतेक सगळा पगार त्याला द्यायचा. लग्नाच्या मांडवातच पोटगी ठरवावी आणि वर पाहुण्यांना पेढे वाटावेत, असा तो प्रकार. पण विश्वस्त मंडळींनी सही करून फोटोसुद्धा काढून घेतले. सगळ्यांच्या हातात एकेक रबरी बगळा.

मग बगळे हरायला लागले. तिसऱ्या वर्षी हरले, चौथ्या वर्षी तर धड हरतासुद्धा येईना. नोव्हेंबरात एका टीचभर कॉलेजला आम्ही भरपूर पैसे देऊन बोलावलं होतं, कशासाठी, तर आमच्याकडून हरण्यासाठी. त्या पोरांनी पैसे घेतले आणि आम्हालाच हरवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी हॅगवुडला हाकललं. करारातल्या कलमाप्रमाणे त्याला द्यायचे निघाले एक कोटी ऐंशी लाख डॉलर, तेही दरमहा हप्त्याने, काम न करण्याबद्दल. आमच्या राज्यात सरकारी पगार घेणाऱ्यांत आधी तो पहिला होता. नोकरी गेल्यावरही पहिलाच राहिला. कुलगुरूंनी पत्रक काढलं, त्यात दोन्ही बाजूंनी परस्परांचा आदर वगैरे राखला गेल्याचा मजकूर होता.

नाताळच्या सुट्टीत, गावात विद्यार्थी नसताना, आणखी एक पत्रक निघालं. ते अगदी छोटं होतं. तलावाचं छप्पर आणि गाळण्या जुन्या झाल्या आहेत, दुरुस्तीला साडेचार लाख डॉलर लागतील, निधी नाही, म्हणून तलाव बंद. मुलींची पोहण्याची टीम बंद. व्हर्डेलबाईंना चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल बगळा कोरलेली लाकडी खुर्ची मिळाली. मला स्टेडियमच्या संडासांच्या नळांवर बदली मिळाली. मी गाळण्यांबद्दल सहा वर्षं लिहून देत होतो, पण तेव्हा कुणाला ते वाचायला वेळ नव्हता.

बाई खुर्ची घेऊन घरी गेल्या. जानेवारीत त्यांचा मला फोन आला. विश्वस्तांच्या सभेत गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, असं त्यांनी ऐकलं होतं, खरं का, म्हणाल्या. मी म्हटलं, खरं आहे, पण बोलून कुणाचं भलं झाल्याचं ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "मला भल्याचं नको सांगूस, लायल. गाडी घेऊन ये."

सभेचं दालन नवीन होतं. खुर्च्या कातड्याच्या, भिंतीवर सगळ्या जुन्या कोचांचे फोटो. खेळांचा संचालक रॅन्डल टीग तिथे होता, आणि विश्वस्तांच्या मधोमध बक फॉशी बसला होता. या भागातले कोंबडीचे सगळे कारखाने फॉशीचे. हॅगवुडला आणायला त्यानेच सगळ्यात मोठा चेक लिहिला होता आणि हाकलायलाही त्यानेच.

बाई माइकपाशी गेल्या. त्यांनी भाषण केलं नाही. कोचला घालवायला एवढे पैसे निघाले, मग त्यातलं चिमूटभर पोरांच्या तलावाला का निघत नाही, एवढंच विचारलं. टीगने घसा साफ केला. त्याने समजावून सांगितलं की फुटबॉलचे पैसे देणगीदारांचे असतात, तलावाचे युनिव्हर्सिटीचे. "बाई, ते पैसे वेगळ्या खिशातले आहेत."

"पँट तर एकच आहे ना?" बाई म्हणाल्या.

मागे दोन-तीन विद्यार्थी हसले. फॉशीला ते आवडलं नाही. तो पुढे वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल मला फार आदर आहे. पण खरं सांगा, पोहणं बघायला तिकीट काढून कोण येतं?"

"बुडणं बघायला येतात, फॉशीसाहेब. गेल्या मोसमात साठ हजार येत होते."

त्यावर अध्यक्षांनी तीन मिनिटं संपल्याचं सांगितलं. संपली नव्हती.

 परत येताना गाडीत बाई म्हणाल्या, तो हॅगवुड कुठे राहतो. मी सांगितलं, आहे इथेच, टेकडीवरच्या मोठ्या घरात. बायको मुलांना घेऊन टेक्सासला माहेरी गेली आहे, हा एकटाच आहे. घराला तलाव आहे का? मी म्हटलं, आहे तर, मीच एकदा पंप बघायला गेलो होतो. नकली खडक, नकली धबधबा, खोलीही भरपूर. बाईंनी मान हलवली. एप्रिल उजाडेपर्यंत त्या पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत. हवा तापायची वाट बघत होत्या.

एप्रिलात आम्ही दोघं टेकडीवर गेलो. हॅगवुड मागच्या अंगणात होता. सकाळचे दहा वाजले होते आणि तो चड्डीवर उभा राहून गाईच्या छातीचं मांस धुरावर भाजत होता, बारा माणसांना पुरेल एवढं. जेवणारा तो एकटा. दाढी वाढलेली, पोट सुटलेलं. बाईंना तो ओळखत नव्हता. चार वर्षं तलाव त्याच्या ऑफिससमोर होता, पण त्या दारातून तो कधी आत आला नसावा.

बाईंनी काम सांगितलं. जूनपासून रोज सकाळी तीन तास. मुलं चर्चच्या गाडीतून येतील, विमा चर्च उतरवेल, पाण्याची निगा लायल राखेल. हॅगवुड ऐकत राहिला. मग त्याने चिमटा खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, मी कोण आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. तुम्हाला सध्या काही काम नाही."

मला वाटलं, आता हा आम्हाला बाहेर काढतो. पण तो विचारात पडला. हे टीगला आवडेल का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, मुळीच नाही आवडणार. फॉशीला? त्याला तर त्याहून नाही. हॅगवुडच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी ते पांढरे दात दिसले. "मग या," तो म्हणाला. मुलांचा विचार त्याच्या डोक्यात आला असेल तर मला तरी तो दिसला नाही.

जूनमध्ये चर्चची गाडी पोरांनी खच्चून भरून टेकडी चढायला लागली. शेजारचे बंगलेवाले खिडक्यांतून बघायचे. पहिल्या दिवशी हॅगवुड शिट्टी गळ्यात घालून काठावर आला. सवय जाते कुठे. बुडबुडे काढणाऱ्या पोरांना ओरडून म्हणाला, "घाबरता काय! पाण्यावर तुटून पडा! ते तुमचा शत्रू आहे!" एक सहा वर्षांची मुलगी, मारिसोल, भोकाड पसरून गाडीत जाऊन बसली.

बाई पाण्यातून वर आल्या नाहीत. कमरेइतक्या पाण्यातूनच म्हणाल्या, "कोच, इथे कुणाला हरवायचं नाहीये. ती शिट्टी काढा आणि छत्रीखाली बसा."

त्याला असं कुणी बोललं नसावं निदान वीस वर्षांत. तो बसला. मारिसोलला परत आणायला बाईंना अर्धा तास लागला.

मग तो रोज छत्रीखाली बसायला लागला. मी गाळणी धुता धुता बघायचो. एक गोष्ट आधी बाईंच्या लक्षात आली, मग माझ्या. हा माणूस पाण्याच्या जवळ कधीच यायचा नाही. चेंडू काठाशी गेला तर लांब काठीने ओढायचा. नकली धबधब्याचे शिंतोडे उडाले तर खुर्ची मागे घ्यायचा. एवढा मोठा तलाव, लाखो डॉलरचा, आणि मालकाच्या अंगाला त्यातलं पाणी लागलेलं नव्हतं. घर घेताना तलाव त्यात होता म्हणून होता.

जुलैत एकदा मुलं गेल्यावर बाई टॉवेल गुंडाळून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "लहानपणी कधी बुडता बुडता वाचलात का?" त्याने आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, भावाने कालव्यात ढकललं होतं, नऊ वर्षांचा होतो. बाई म्हणाल्या, उद्या साडेनऊला या, पहिल्या वर्गात.

"लहान मुलांबरोबर?"

"तुम्ही त्याच इयत्तेत आहात."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. साडेसहा फुटांचा माणूस काठावर पालथा पडला, एका बाजूला मारिसोल, दुसऱ्या बाजूला फॉशीच्या कारखान्यातल्या बाईचा जुळ्यांतला एक मुलगा. हॅगवुडने तोंड पाण्यात घातलं आणि झटक्यात वर काढलं. बाई म्हणाल्या, ऐकू आलं नाही. पुन्हा घातलं. मारिसोलने त्याला मोठ्या गंभीरपणे सांगितलं, "डोळे मिट. मग सोपं जातं." हा माणूस दरवर्षी वीस-वीस वर्षांच्या शंभर पोरांना निर्भय व्हायला शिकवायचा आणि त्याचे लाखो डॉलर घ्यायचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला कुंपणापलीकडे एक पांढरी गाडी उभी राहायला लागली. आत एक माणूस कॅमेरा घेऊन बसलेला. उन्हाने त्याचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं. बाईंनी माझ्या हाती त्याला गोड चहा पाठवला, बर्फ घालून, आणि विचारायला सांगितलं की पोहायला येतं का. तो म्हणाला नाही, आणि काच वर केली. चहा मात्र ठेवून घेतला.

गाडी युनिव्हर्सिटीच्या वकिलांनी पाठवली होती. करारात आणखी एक कलम होतं. हाकललेल्या कोचने कुठे कोच म्हणून काम धरलं, तर त्याची किंमत आमच्या देण्यातून वजा करायची. टीगच्या डोक्यात कल्पना आली, किंवा फॉशीने घातली. हॅगवुड रोज मुलांना खेळ शिकवतो आहे, म्हणजे तो कोचचं काम करतो आहे. हेतुपुरस्सर फुकट करतो आहे, म्हणजे युनिव्हर्सिटीला फसवतो आहे. तेव्हा देणं थांबवा. पुरावा म्हणून फोटो, हॅगवुड पहिल्या दिवशी शिट्टी घालून हात उगारून उभा. तो फोटो शेजाऱ्यांपैकी कुणीतरी विकला होता. देणं थांबलं आणि प्रकरण वकिलांकडे गेलं. ज्यांना तलावाला पैसे नव्हते त्यांनी अटलांटाहून चार वकील आणले.

साक्षीला बाईंना बोलावणं आलं, मलाही आलं. साक्षीच्या आदल्या आठवड्यात हॅगवुड बाईंच्या घरी गेला. तेव्हा मी तिथेच होतो, त्यांच्या ओसरीचा पंखा दुरुस्त करत. तो पायरीवर उभा राहिला, टोपी हातात. बसा म्हटलं तरी बसेना. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाईंनी त्या साडेनऊच्या वर्गाबद्दल बोलू नये. घरमालक म्हणून फाटक उघडून दिलं, एवढं सांगावं. कुठल्याही युनिव्हर्सिटीला हे कळलं, की हा सहा वर्षांच्या मुलींबरोबर बुडबुडे काढतो, तर त्याला कोण घेईल.

बाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "विचारलं तर खरं सांगेन. नाही विचारलं तर मला बोलायची हौस नाही."

तो गेला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. त्याच्या वकिलाने त्याला समजावलं होतं की शिकवणारा असेल तर पैसे जातात, शिकणारा असेल तर एक डॉलरही जात नाही. फोनवर तो बाईंना म्हणाला, "सगळं सांगा, बाई. बुडबुडेसुद्धा." एक कोटी ऐंशी लाखांपुढे माणसाची लाज दोन दिवस टिकली, तेही पुष्कळच म्हणायचं.

साक्ष वकिलांच्या ऑफिसात झाली. माझं लवकर आटपलं, त्यांना गाळण्यांत रस नव्हता. बाईंचा शब्दन् शब्द पुढे गावच्या पेपरात आला, आणि मी काचेच्या भिंतीच्या या बाजूने बघतही होतो. अटलांटाच्या वकिलाने विचारलं, या वर्गात श्री. हॅगवुड यांची भूमिका काय होती.

"विद्यार्थी."

म्हणजे सहायक शिक्षक?

"नाही. विद्यार्थी. कच्चा."

वकिलाने फोटो पुढे केला. बाईंनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या की हा पहिला दिवस. यांनी एका मुलीला रडवलं, म्हणून मी यांना गप्प बसवलं. त्यानंतर यांनी कुणाला काही शिकवलं नाही. यांना काही येतच नव्हतं तर शिकवणार काय. मग वकिलाने जो प्रश्न विचारायला नको होता तो विचारला. श्री. हॅगवुड यांची प्रगती कशी होती.

"तरंगतात. पण तोंड अजून नीट पाण्यात घालत नाहीत. मारिसोल त्यांच्या पुढे आहे."

पेपरात हे आलं त्या दिवशी गावातल्या कॅफेतून उठून कुणी कामाला गेलं नाही. जे लोक वर्षभर हॅगवुडच्या नावाने खडे फोडत होते त्यांना आता नवीन खेळणं मिळालं. दुकानात लहान मुलांचे पोहताना दंडाला लावायचे फुगे संपले. कुणीतरी ते टेकडीवरच्या फाटकाला माळेसारखे बांधून आलं. हॅगवुडला हसले ते ठीक, पण त्या हसण्यात एक गोष्ट सगळे विसरले. युनिव्हर्सिटीने दावा मागे घेतला होता, थांबवलेले पैसे व्याजासकट दिले होते, आणि चार वकिलांचं बिल तलावाच्या दुरुस्तीपेक्षा जास्त आलं होतं. ते बिल कुठल्या खिशातून गेलं ते टीगने सांगितलं नाही.

टीगला त्या वर्षी पगारवाढ मिळाली.

सप्टेंबरच्या शेवटी, हवा अजून गरम असताना, आम्ही एका सकाळी टेकडीवर गेलो तर दारात सामान हलवणाऱ्यांचा ट्रक होता. हॅगवुड आदल्या दिवशीच विमानाने गेला होता. पश्चिमेकडच्या एका युनिव्हर्सिटीने त्याला घेतलं, तेही कोच म्हणून नाही, "सल्लागार" म्हणून, तुटपुंज्या पगारावर. त्यातली मेख अशी की तिथला पगार जितका कमी, तितकं आमच्याकडून जास्त निघायचं. ही अक्कल त्याच एजंटची. म्हणजे दुसऱ्याच्या टीमला सल्ला द्यायचे पैसे ब्रॅनमचे विद्यार्थी भरणार होते, फीमधून.

बाईंनी वर्ग थांबवला नाही. मुलं पाण्यात होती आणि हमाल त्यांच्या बाजूने खुर्च्या, छत्री, मांस भाजायची भट्टी उचलून नेत होते. एक हमाल मारिसोलकडे बघत थोडा वेळ थांबला. ती आता खोल बाजूला जाऊन परत येत होती. निघताना मुकादमाने बाईंच्या हातात एक खोकं दिलं. साहेबांनी मुलांसाठी ठेवलंय, म्हणाला. आत फुटबॉलचा चेंडू होता, त्याच्या सहीचा. चिठ्ठी नव्हती. बाईंनी चेंडू पाण्यात टाकला, मुलं त्याच्यामागे पोहायला लागली. वर्ग संपेपर्यंत सही निम्मी पुसली होती.

मी चिडलो होतो. एवढं करून नीट निरोपसुद्धा घेता येत नाही या माणसाला, असं काहीतरी बोललो. बाई फाटकाशी उभ्या राहून मुलं गाडीत चढताना बघत होत्या. म्हणाल्या, "विद्यार्थी म्हणून वाईट नव्हता, लायल. चुकतोयस म्हणून सांगितलं की ऐकायचा. त्याला ते सांगायला कुणी ठेवलंच नव्हतं." मला काही त्याची एवढी कीव आली नाही. पैसे घेऊन गेलेल्या माणसाची कीव करायला मन मोठं लागतं.

घर फॉशीने विकत घेतलं. दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप लागलं आणि पाटी, आत येणाऱ्यावर खटला भरण्यात येईल. त्याचा जावई तिथे राहतो, त्याचा कुत्रा पोहतो म्हणतात.

मधला मोसम बगळ्यांनी एका हंगामी कोचवर काढला आणि डिसेंबरात नवा कोच आला. विमानतळावर बँड, हातात रबरी बगळे घेतलेली बायका-मुलं, जिल्ह्याचा शेरीफ. माझा धाकटा मुलगासुद्धा गेला होता, एवढं सगळं बघूनही. करार आठ वर्षांचा आहे. पेपरात त्यातली कलमं आली होती. टीग मंडळींनी या वेळी धडा घेतला आहे. नव्या कोचने कोणताही खेळ, मोबदल्याने किंवा विनामोबदला, जमिनीवर किंवा पाण्यात शिकवला तर वजावट होईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हाकलल्यावर द्यायची रक्कम मात्र आधीपेक्षा मोठी आहे, कारण नाहीतर हा येत नव्हता.

बंद तलावाचं छप्पर वसंतात उतरवलं. तिथे खेळाडूंसाठी व्यायामशाळेचा दुसरा मजला होणार आहे. मातीचे ट्रक आले तेव्हा मी बाईंना सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच. त्या आल्या, रस्त्याच्या पलीकडे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांच्याजवळ गेलो. त्या म्हणाल्या, "या वेळी कोर्टाचं नाव तरी पुढे करत नाहीयेत." आणि घरी गेल्या. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होतो, पण त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा म्हाताऱ्या वाटल्या. आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही.

त्या मग हायवेवरच्या मोटेलात गेल्या. मालक दिनेश पटेल, त्याची मुलगी पूर्वी बाईंकडे शिकली होती आणि आता बर्मिंगहॅमला दाताची डॉक्टर आहे. पटेलने फार चौकशी केली नाही. सकाळी अकरापर्यंत पाहुणे झोपलेले किंवा निघून गेलेले असतात, तोवर तलाव तुमचा, म्हणाला, फक्त टॉवेल माझे वापरू नका. तलाव कसला, घेवड्याच्या आकाराची टाकी. मोठ्या माणसाने तीनदा हात मारले की भिंत येते. पंप इतका जुना की त्याचे भाग मला भंगारातून आणावे लागतात.

तिथे बाई आता रोज सकाळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात. ट्रकवाले कॉफीचे कप घेऊन वरच्या गॅलरीतून बघतात. एकदा एकाने उतरून विचारलं, मोठ्यांना घेता का. घेतात. लांब पोहायला जागाच नसल्यामुळे पोरांना दर चार हातांनंतर वळावं लागतं. मोठ्या तलावात शिकलेल्या मुलांना जे वळण घ्यायला वर्ष लागायचं, ते यांना महिन्यात जमतं. गेल्या आठवड्यात मारिसोल मला ते दाखवत होती. भिंतीला पाय लावायचा, अंग गोल करायचं आणि उलटं निघायचं. तिने एवढ्या वेळा दाखवलं की शेवटी बाईंनाच तिला सांगावं लागलं, आता बाहेर ये, ओठ निळे पडलेत.